समोरच्या टीमचा ऑफेन्स मॅचआधी कसा जोखायचा?

प्रश्न : सर, अमेरिकन फुटबॉल आता बऱ्यापैकी कळायला लागलाय, एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, मॅचेस नेमाने बघतो. समोरच्या टीमचा ऑफेन्स, म्हणजे बॉल घेऊन पुढे सरकणारी बाजू, किती भारी आहे हे मी पॉइंट्स आणि यार्डच्या सरासरीवरून ठरवतो, पण मॅच सुरू झाली की चित्र भलतंच निघतं. कोच लोक मॅचआधी नेमकं काय बघतात?

उत्तर : सरासरी बघायला हरकत नाही, पण तिथेच थांबलात तर हाती फार काही लागत नाही. २०१८ च्या सीझनमध्ये लॉस एंजेलिस रॅम्स मॅचमागे जवळपास ३३ पॉइंट्स करत होते आणि फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या फायनलमध्ये, न्यू इंग्लंड पॅट्रियट्सनी त्यांना अख्ख्या मॅचमध्ये फक्त ३ पॉइंट्स करू दिले. आता एवढा चांगला ऑफेन्स रातोरात बिघडतो का, तर नाही. डिसेंबरमध्येच शिकागो बेअर्सनी त्यांना ६ पॉइंट्सवर अडवलं होतं आणि कसं अडवलं ते फिल्ममध्ये, म्हणजे मॅचच्या रेकॉर्डिंगमध्ये, स्पष्ट दिसत होतं. रॅम्सचा सगळा डोलारा कडेने पळणाऱ्या रनवर, म्हणजे बॉल हातात घेऊन पळण्यावर, आणि त्याच रनची हूल देऊन टाकलेल्या पासवर उभा होता. बेअर्सनी लाइनवर, म्हणजे प्ले जिथून सुरू होतो तिथे, सहा माणसं लावून कडेची वाट बंद केली, पॅट्रियट्सनी तेच उचललं, आणि रन थांबला म्हटल्यावर हुलीला फसायला कोणी उरलंच नाही. एखाद्या बॅट्समनचं ॲव्हरेज बघून तो यॉर्कर कसा खेळतो हे कळत नाही ना, तसंच आहे हे.

त्यामुळे मी आधी एकच गोष्ट शोधतो, हा ऑफेन्स अडकला की कुठे धाव घेतो. चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, दहा यार्ड काढायचे असतात हे तुम्हाला माहीतच आहे. पहिल्या डाऊनला सगळं मोकळं असतं, तिथे कोणीही काहीही खेळू शकतं. खरा स्वभाव थर्ड डाऊनला दिसतो. सात-आठ यार्ड हवे असताना क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा, दर वेळी त्याच टाइट एंडकडे (लाइनच्या टोकाला उभा राहून अडवणारा आणि पासही घेणारा) बघतो का, दोनच यार्ड हवे असतील तर लाइनच्या उजव्या बाजूनेच घुसतात का, आणि शेवटच्या वीस यार्डांत म्हणजे रेड झोनमध्ये मैदान छोटं झाल्यावर लांब पासवाल्या टीमचं काय होतं. मधल्या पट्ट्यात यार्डांचा ढीग घालून शेवटी फील्ड गोलवर, म्हणजे किक मारून मिळणाऱ्या तीन पॉइंट्सवर, समाधान मानणाऱ्या टीम्स दर सीझनला असतात आणि आकड्यांत त्या फार देखण्या दिसतात.

कोचिंग स्टाफ मागच्या काही मॅचेसमधला एकेक प्ले वेगळा काढतो. कितवा डाऊन, किती यार्ड हवे, बॉल कुठे, कोण कुठे उभं, स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या, आधी कोण सरकलं आणि शेवटी रन झाला की पास. यातली सगळ्यात कामाची नोंद म्हणजे मैदानात माणसं कोणती आहेत. क्वार्टरबॅक आणि पुढच्या रांगेतले म्हणजे लाइनचे पाच हे ठरलेलेच, उरले पाच, त्यांना दोन आकड्यांत सांगायची पद्धत आहे, पहिला आकडा रनिंग बॅकचा (बॉल घेऊन पळणारे), दुसरा टाइट एंडचा, बाकीचे रिसीव्हर (पास झेलणारे). म्हणजे ११ असेल तर एक बॅक, एक टाइट एंड, तीन रिसीव्हर. १२ असेल तर टाइट एंड दोन, भारी माणसं आली, रन येणार असं वाटतं. पण एखादी टीम १२ मधूनही सर्रास पास टाकत असेल तर ती डोकेदुखी आहे, कारण तुम्ही रन थांबवायला जाडजूड माणसं आणली की ते पास टाकणार आणि हलकी आणली की अंगावर पळत येणार.

याचं फळ कसं मिळतं ते फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये बघा. पॅट्रियट्स २८-२४ ने पुढे, अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ, सिॲटल सीहॉक्स गोल लाइनपासून एका यार्डावर आणि त्यांच्याकडे मार्शॉन लिंचसारखा बॅक, सगळ्यांना वाटलं लिंचच घुसणार. सिॲटलने उजवीकडे दोन रिसीव्हर एकामागे एक उभे केले. पॅट्रियट्सनी मॅचआधीच्या प्रॅक्टिसमध्ये हाच पासचा प्ले स्वतःवर चालवून बघितला होता आणि त्यांचा माल्कम बटलर तेव्हा एक पाऊल उशिरा पोचला होता, त्याच्या डोळ्यांदेखत रिसीव्हरने कॅच घेतला होता. मॅचमध्ये तीच रचना दिसल्यावर पुढच्या रिसीव्हरला पॅट्रियट्सच्याच ब्रँडन ब्राउनरने जागीच धरलं आणि बटलर बॉल सुटायच्या वेळेलाच आत शिरला. इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांचा पास मधेच पकडला, मॅच संपली. बटलर ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणी न निवडलेला पहिल्या वर्षाचा खेळाडू होता, म्हणून मला ही तयारी जास्तच मोलाची वाटते.

प्रश्न : पण टीव्हीवर हे सगळं दिसतं कुठे? कॅमेरा तर बॉलच्याच मागे असतो.

उत्तर : खरंय. बावीसच्या बावीस खेळाडू एकाच फ्रेममध्ये दाखवणारी वेगळी फिल्म असते, तिला ऑल-२२ म्हणतात, एनएफएलने ती २०१२ पासून पैसे भरणाऱ्या प्रेक्षकांनाही खुली केली. ती मिळाली तर उत्तमच. नसेल तर टीव्हीवर सुद्धा एक करा, बॉलकडे बघू नका, गार्डकडे बघा. बॉल मागे देणाऱ्या सेंटरच्या दोन्ही बाजूचे हे दोघं, स्नॅप झाल्या झाल्या खाली वाकून पुढे सुटले तर रन, छाती वर करून मागे सरकले तर पास, आणि एखादा लाइन सोडून कडेला पळायला लागला तर बहुतेक वेळा बॉल त्याच्याच मागून येतो. हूल असली तर हे फसवू शकतं, पण तरी सवय लावाच. स्नॅपच्या आधीसुद्धा लाइनमनचा जमिनीवरचा हात बघा. बोटांवर भार टाकून सांधे पांढरे पडले असतील तर त्याला पुढे झेपावायचंय, हात नुसताच टेकलेला असेल तर मागे जायचंय. अनुभवी खेळाडू हे लपवतात, पण चौथ्या क्वार्टरला दमल्यावर लपवणं अवघड जातं.

प्रश्न : त्यांचा स्टार खेळाडू एकदा बांधून ठेवला की निम्मं काम झालं असं म्हणायचं का?

उत्तर : कोणता स्टार आणि कशासाठी, यावर आहे ते. जानेवारी १९९१ च्या सुपर बोलला बफेलो बिल्स आधीच्या मॅचमध्ये ५१ पॉइंट्स करून आले होते, हडल न करता, म्हणजे प्लेआधी घोळका करून न ठरवता, भराभर खेळायचे, क्वार्टरबॅक जिम केली. न्यूयॉर्क जायंट्सचा डिफेन्स तेव्हा बिल बेलिचिककडे होता आणि त्याने आपल्या खेळाडूंना सांगितलं की बफेलोचा रनिंग बॅक थर्मन थॉमसला पळू द्या. खेळाडूंना ते पटेना, साहजिकच आहे. पण त्याचा हिशोब असा की बफेलोचा जीव झटपट पासमध्ये आहे, म्हणून लाइनवर माणसं कमी, मागे जास्त, आणि रिसीव्हरने कॅच घेतला की लगेच जोरात टॅकल. थॉमसने १३५ यार्ड काढले आणि तरी जायंट्स २०-१९ ने जिंकले. त्यांच्या ऑफेन्सने ४० मिनिटांपेक्षा जास्त बॉल स्वतःकडे ठेवला हेही तितकंच महत्त्वाचं, केलीला मैदानात येऊच दिलं नाही. तो गेम प्लॅन कँटनच्या फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये आहे. सगळंच थांबवणं कोणालाच जमत नाही, त्यामुळे काय द्यायचं हे आधी ठरवलेलं बरं.

प्रश्न : समोरच्यांनाही माहीत असणार ना की आपली फिल्म कोणीतरी बघतंय?

उत्तर : पुरेपूर माहीत असतं. प्रत्येक टीम स्वतःच्या सवयी स्वतःच तपासते आणि मोठ्या मॅचला त्या मुद्दाम मोडते. बिल वॉल्श तर सॅन फ्रान्सिस्कोचा कोच असताना सुरुवातीचे प्ले मॅचआधीच लिहून ठेवायचा आणि आता ती पद्धत जवळपास सगळीकडे आहे. म्हणून पहिल्या दोन ड्राइव्हवर, म्हणजे बॉल हातात आल्यावरच्या पहिल्या दोन चढायांवर, मत बनवू नका, ते घरून पाठ करून आलेलं असतं. ती यादी संपल्यावरचा पहिला थर्ड अँड लाँग, म्हणजे बरेच यार्ड हवे असलेला थर्ड डाऊन, येऊ द्या आणि तेव्हा क्वार्टरबॅकची मान आधी कुठे वळते तेवढं बघा.