रोज रात्री फाइली विकीवर कॉपी करणारी स्क्रिप्ट लिहू नका

तुमची पोस्ट वाचली आणि २०२१ मधला आमचा विभाग डोळ्यांपुढे आला. चाळीस जणांची टीम, रोजच्या नोंदी कॉन्फ्लुएन्सवर (सगळ्यांनी मिळून पानं लिहायची विकी), मंजूर कागदपत्रं शेअरपॉइंटवर (कंपनीच्या फाइली ठेवायची मायक्रोसॉफ्टची जागा). तुमच्याकडेही तसंच, इकडे शोधलं तर तिकडचं सापडत नाही, म्हणून शेअरपॉइंटच्या फाइली रोज रात्री विकीच्या पानांना अटॅचमेंट म्हणून लावणारी स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) लिहावी असं तुमच्या मनात आहे. अगदी हीच स्क्रिप्ट मी लिहिली होती, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक आधीच सांगतो. मी आयटीतला नाही, चाकणच्या एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअरिंग बघतो. तुमचं लायसन्स, तुमच्या कंपनीचे नियम वेगळे असणार, तेव्हा इथलं काहीही करण्याआधी तुमच्या ॲडमिनला विचारा.

स्क्रिप्ट सुरुवातीला उत्तम चालली. कॉन्फ्लुएन्स अटॅचमेंटच्या आतला मजकूरही शोधतं, वर्ड, एक्सेल, पीडीएफ सगळं. त्यामुळे लोक खूश होते. शेअरपॉइंट उघडायची सवयच मोडली, आणि खरा धोका तिथेच होता, तो मला तेव्हा दिसला नाही. एप्रिलमध्ये नवीन आर्थिक वर्ष लागलं आणि कागदपत्रं सांभाळणाऱ्या डॉक्युमेंट कंट्रोल विभागाने मंजूर वर्क इन्स्ट्रक्शन, म्हणजे काम कसं करायचं याच्या सूचना, शेअरपॉइंटच्या नव्या लायब्ररीत (फाइलींच्या कप्प्यात) हलवल्या. माझी स्क्रिप्ट फोल्डरच्या पत्त्यावर चालत होती. फोल्डर मिळेना, रोज रात्री एररचा मेल जायचा, आणि तो ज्याला जायचा तो सहकारी फेब्रुवारीतच नोकरी सोडून गेला होता. विकीवरच्या जुन्या प्रती जागच्या जागी राहिल्या. सर्च त्याच दाखवत राहिलं, पहिल्या नंबरवर.

जूनमध्ये एका ब्रॅकेटच्या बोल्टचा टॉर्क (किती जोराने आवळायचा तो आकडा) बदलला. शेअरपॉइंटवर नवी आवृत्ती, रिव्हिजन सी, विकीवर जुनी बी. दुसऱ्या पाळीतल्या एका नवीन मुलाने विकीवर शोधलं, प्रिंट काढली, स्टेशनवर लावली. नऊ दिवस त्या आकड्यावर काम झालं. ग्राहकाकडे पोचलेला माल तिथे जाऊन तपासावा लागला, गोदामातला सगळा पुन्हा उघडला. आणि मेमो मिळाला त्या मुलाला. त्याने आम्ही शिकवलं होतं तेच केलं होतं: ‘आधी विकीवर शोध.’ मी क्वालिटीच्या साहेबांना लेखी दिलं की चूक प्रती बनवण्याच्या पद्धतीत आहे आणि ती पद्धत माझी आहे. मेमो मागे घ्यायला तीन आठवडे लागले. त्याचं मला आजही वाईट वाटतं, मालाचं नुकसान त्यापुढे काहीच नाही.

दुसरा घाव परवानग्यांचा. शेअरपॉइंटमध्ये फाइल कुणाला दिसावी हे तिथे ठरलेलं असतं, पण कॉपी केलेल्या फाइलबरोबर ते येत नाही. अटॅचमेंट ज्याला पान दिसतं त्या सगळ्यांना दिसते. माझी स्क्रिप्ट ज्या अकाउंटवर चालायची त्याला जवळपास सगळंच दिसत होतं, त्यामुळे पुरवठादारांच्या दरांची तुलना असलेली एक एक्सेल फाइल पूर्ण प्लांटला शोधता येत होती. पर्चेसच्या मॅडमचा फोन आला तेव्हा कळलं.

तेव्हा माझं ठाम मत: प्रत एकच, दुसरीकडे फक्त लिंक. ज्याला मंजुरी आणि रिव्हिजन लागते ते शेअरपॉइंटवर, जे आठवड्याला बदलतं आणि चर्चेतून घडतं ते विकीवर. मधलं काही असेल तर विभागप्रमुखाकडून एकदा ठरवून घ्या. ते दोन्हीकडे ठेवू मात्र नका.

लिंकसुद्धा कुठली, याने फरक पडतो. ब्राउझरच्या पट्टीतला फोल्डरचा लांबलचक पत्ता उचलू नका, फाइल हलवली की तो तुटू शकतो. शेअरपॉइंटमधूनच लिंक कॉपी करा, आणि पर्याय ‘ज्यांना आधीच प्रवेश आहे त्यांच्यासाठी’ हा निवडा. त्याने कुणाची परवानगी बदलत नाही. दुसरे पर्याय नकळत दार उघडून देतात. साइट कलेक्शनला (एकत्र सांभाळल्या जाणाऱ्या शेअरपॉइंट साइटच्या गटाला) डॉक्युमेंट आयडीची सोय चालू करून मिळाली तर फारच चांगलं. फाइलला कायमचा क्रमांक मिळतो आणि त्या साइट कलेक्शनमध्ये ती दुसऱ्या लायब्ररीत गेली तरी क्रमांकाने सापडते. आमच्याकडे एप्रिलच्या आधी ही सोय असती तर हे उत्तर लिहावं लागलं नसतं.

उलट दिशेलाही हेच. विकीच्या जुन्या, कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या आवृत्तीत पानाच्या पत्त्यात शीर्षक असायचं. शीर्षक बदललं की विकीच्या आतल्या लिंक आपोआप सुधारायच्या, पण वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेली लिंक तशीच राहायची. त्या आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला संपला. क्लाउडवर पत्त्यात पानाचा क्रमांक असतो, तिथे हा त्रास कमी. क्लाउडवर जाताना जुन्या फाइलींमधल्या लिंक तपासायला वेगळे दिवस राखून ठेवा.

लिंकच्या खाली दोन-तीन ओळी लिहा: हे कागदपत्र कशाचं आहे, कुणी वापरायचं, आणि शॉप फ्लोअरवर त्याला काय म्हणतात. कागदात ‘टाइटनिंग टूल’ लिहिलेलं असतं, माणसं शोधतात ‘नटरनर’. विकीच्या सर्चला शेअरपॉइंटच्या आतलं दिसत नसलं तरी या दोन ओळी दिसतात. एवढ्यानेच आमचा निम्म्याहून जास्त त्रास गेला, आणि त्याला कुणाचीही परवानगी लागली नाही.

एकत्र शोध हवाच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या बाजूने कॉन्फ्लुएन्सचा कनेक्टर आहे. तो विकीची पानं मायक्रोसॉफ्टच्या सर्चमध्ये आणतो आणि पान कुणाला दिसावं याचे विकीचे नियम पाळू शकतो. तो ठरावीक वेळाने पानं वाचतो, म्हणून आत्ता लिहिलेलं पान लगेच सापडत नाही म्हणून घाबरू नका. पण त्याला मुख्यालयातल्या ॲडमिनची मंजुरी लागते, आणि इथे आमचे पाच महिने गेले. त्या विभागाचं नाव घेत नाही. टिकीट, म्हणजे आमच्या तक्रारीची नोंद, तीनदा ‘आमच्याकडे चालतंय’ म्हणून बंद केलं. त्यांच्याकडे चालणारच, ते ॲडमिनच्या लॉगिनने बघत होते! आमच्या ऑपरेटरांना आणि इंजिनिअरांना एकही पान दिसत नव्हतं. कारण शेवटी आम्हीच शोधलं: विकीवरची खाती कंपनीच्या जुन्या ईमेल डोमेनवर (पत्त्यातला @ नंतरचा भाग) उघडलेली, मायक्रोसॉफ्टची नव्या डोमेनवर. दोन्हीकडचा माणूस एकच आहे हे ईमेलवरून जुळवलं जातं, आणि जुळलं नाही की सर्च काहीही दाखवत नाही. चूक झाल्याचंही सांगत नाही. पाच महिन्यांत त्यांच्यापैकी एकाने आमच्या माणसाच्या शेजारी बसून दहा मिनिटं बघितलं असतं तरी पुरलं असतं. तुम्ही पहिल्या दिवसापासून साध्या खात्याने तपासा, आणि टिकिटात त्याच खात्याचा स्क्रीनशॉट लावा.

‘फाइल सापडत नाही’ म्हटल्यावर प्रत्येक वेळी सर्चला दोष देऊ नका. चढवलेली फाइल एकदाही चेक-इन (काम संपवून इतरांसाठी खुली) केलेली नसेल तर ती चढवणाऱ्यालाच दिसते. लायब्ररीच्या सेटिंगमध्ये ‘सर्चमध्ये दाखवू नये’ केलेलं असू शकतं. विकीवर वरच्या पानाला बघण्याची मर्यादा घातली की ती खालच्या सगळ्या पानांना लागू होते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

तुमच्या सूचना मराठीत असतील तर अजून एक, हे इंग्रजी कागदपत्रं वापरणारे सांगत नाहीत. जुन्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरलेला संगणकीय क्रमांक) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली पडद्यावर मराठी दिसतात, पण आत रोमन अक्षरं असतात, त्या शोधात येणार नाहीत. त्या युनिकोडमध्ये आणल्याशिवाय इलाज नाही. आणि ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून लिहायचे, आणि काही कीबोर्ड आजही तसंच लिहितात. दिसायला सारखे, यंत्राला वेगळे. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यातल्या ‘ऱ्या’चंही तेच. आमच्याकडे ‘ॲसेम्ब्ली’ शोधून निम्मी पानंच यायची. आता महत्त्वाच्या पानाखाली दोन्ही रूपं लिहून ठेवतो.

स्क्रिप्ट आधीच चालू केली असेल तर आज दोन गोष्टी बघा: एररचा मेल कुणाला जातो, आणि ती कुठल्या अकाउंटवर चालते. मग अटॅचमेंट एकदम उडवू नका. कुठल्या पानावर काय होतं याची यादी काढा, त्या जागी लिंक लावा, ती साध्या खात्याने उघडून बघा, आणि मगच काढा. काढलेली अटॅचमेंट त्या स्पेसच्या (विकीवरच्या पानांच्या गटाच्या) कचरापेटीत जाते, तिथून स्पेस ॲडमिन ती परत आणू शकतो. आणि स्टेशनवर लावलेल्या प्रिंटा स्वतः फिरून गोळा करा, मेल पाठवून नाही. आम्हाला तशा अकरा सापडल्या होत्या.