पेटी की ऑर्गन? बाप्तिस्म्याच्या गाण्यावरून घरात वाद

प्रश्न: जय ख्रिस्त ताई. माझं माहेर नगर, लग्नानंतर मुंबईत आले. आमच्या मंडळीत, म्हणजे माहेरच्या चर्चमध्ये, पेटी, तबला, झांज आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं. यांच्या चर्चमध्ये ऑर्गन आणि इंग्रजी चालीवरची मराठी गीतं. आमचं बाळ पाच महिन्यांचं आहे, पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा. मला भजन हवंय. हे म्हणतात भजन लागलं की देवळात बसल्यासारखं वाटतं, आणि मला त्यांची गीतं ऐकून परक्या घरी पाहुणी गेल्यासारखं वाटतं. खरी भक्ती कशात आहे, की हा सगळा सवयीचाच खेळ?

उत्तर: जय ख्रिस्त. सवय तर आहेच, पण ती किती खोल असते ते तुमच्या बाळावरूनच सांगते. २००५ साली उत्तर अमेरिकेतल्या बाळांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या सहा महिन्यांच्या बाळांना आग्नेय युरोपातल्या बाल्कन भागातल्या वेड्यावाकड्या वाटणाऱ्या तालातली चूकसुद्धा लगेच कळत होती, वर्षाच्या बाळांना मात्र फक्त घरात ऐकलेल्या तालातलीच कळायची. म्हणजे बोलायला यायच्या आधीच कान घरचा होऊन जातो. आणि नंतर आपल्याला वाटतं की आपल्याला जे पवित्र वाटतं ते देवालाच तसं आवडतं.

मी स्वतः भजनातच वाढले. आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचे, वर झांज चालू असायची, आजही झांज ऐकली की प्रार्थना आपोआप सुरू होते. मोठा ऑर्गन पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि खरं सांगते, भीती वाटली होती. तुमच्या मिस्टरांच्या आठवणीत त्याच आवाजाशेजारी त्यांची आई उभी असणार, गीताचं पुस्तक हातात धरून. ते त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

आता तुम्हा दोघांनाही एकेक गोष्ट सांगायचीये. तुमची पेटी मूळची युरोपातली, १९व्या शतकात पॅरिसमध्ये हार्मोनियम तयार झाला, तो इकडे आला, मग कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी त्याला मांडी घालून वाजवता येईल असं रूप दिलं. तरी आकाशवाणीवर १९४० पासून जवळजवळ तीस वर्षं तिला बंदीच होती, परकी म्हणून! आणि मिस्टरांना सांगा, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत १८०७ साली एका चर्चने उपासनेत ऑर्गन वाजवला म्हणून केवढा वाद झाला आणि तो बंद करायला लावला, कारण तिथल्या लोकांना वाद्याशिवाय गायलेली स्तोत्रंच खरी उपासना वाटायची, त्यांचं बालपण त्यातच गेलं होतं ना.

"देवळासारखं वाटतं" हे मात्र माझ्या मनाला लागलं. नारायण वामन टिळक कोकणातल्या ब्राह्मण घरात वाढले, तुकोबांचे अभंग त्यांच्या अंगात मुरलेले, १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते सगळं दाराबाहेर काढून ठेवून चर्चमध्ये शिरले नाहीत. जे घेऊन वाढले तेच त्यांनी प्रभूला वाहिलं. त्यांच्याही आधी नगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तन करत होते. म्हणजे भजन हे आपल्या मंडळीचं जुनं घरचंच धन आहे, ते कुणाकडून उसनं आणलेलं नाही.

अजून एक, हे माझं मत आहे हं. इंग्रजी चालीत मराठी शब्द बसवताना बऱ्याचदा ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं, दीर्घ घाईत गिळलं जातं, शब्द मधेच तुटतो आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अर्थच लागत नाही. अभंगात ते होत नाही, शब्द बोलतो तसाच गातो. पण लहानपणापासून ते गीत गाणाऱ्याला हा ताण ऐकूच येत नाही, म्हणून मिस्टरांशी यावरून वाद घालून उपयोग नाही. आणि एकाच वेळी चार वेगवेगळ्या सुरांत अख्खी मंडळी उभी राहून गाते तेव्हा छातीत जे हलतं ते आमच्या भजनात नाही, हे मी आता पन्नाशीत मान्य करते.

त्यामुळे बाप्तिस्म्याला दोन्ही घ्या. बाळाला पाळकांच्या हातात द्यायच्या वेळी भजन, तुमचा आवाज बाळाला ओळखीचा आहे, ते रडणार नाही. शेवटी मिस्टरांचं गीत, सगळ्यांनी उभं राहून. पाळकांशी या आठवड्यातच बोला, पेटीवाले आणि ऑर्गनिस्ट दोघांनाही आदल्या शनिवारी प्रॅक्टिसला बोलवा कारण ऐनवेळी पट्टी जुळत नाही. आणि आत्तापासून रात्री बाळाला झोपवताना एक दिवस तुम्ही गा, एक दिवस त्यांना गाऊ द्या, त्याचा कान अजून मोकळा आहे.