साठा वाढला, हे चांगले की वाईट?

प्रश्न : थायलंड आणि मलेशिया यांच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यांत ‘साठ्यातील बदल’ अशी एक ओळ असते. या दोन देशांतील आकड्यांची तुलना कशी करावी? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बाथ आणि रिंगिट ही अनुक्रमे दोन्ही देशांची चलने बाजूला ठेवून दोन्ही आकडे चालू किमतींनुसार, म्हणजे त्या त्या काळातील भावांनुसार, त्या त्या देशाच्या जीडीपीच्या (देशांतर्गत एकूण उत्पादनाच्या) टक्केवारीत मांडावेत. गोदामात एकूण किती माल आहे हे ही ओळ सांगत नाही; त्या काळात त्यात किती भर पडली वा घट झाली, एवढेच सांगते. आकडा उणेही असू शकत असल्याने त्याचा वाढीचा दर काढणे निरर्थक आहे, तरी पुष्कळ जण तो हौसेने काढतात.

साठा वाढला हे चांगले की वाईट हे भर कशामुळे पडली यावर ठरते. थायलंडमध्ये २०११ साली तत्कालीन पंतप्रधान यिंगलक शिनावात्रा यांच्या सरकारने टनाला १५,००० बाथ अशा बाजारापेक्षा बऱ्याच चढ्या दराने भात घेण्यास सुरुवात केली. पुढच्या वर्षी निर्यात घसरली आणि सरकारी गोदामे न खपलेल्या तांदळाने भरत गेली. मलेशियात पाम तेलाचा साठा हंगामानुसार फुगतो आणि ओसरतो, म्हणून तिमाही आकडा मागील वर्षाच्या त्याच तिमाहीशी ताडावा.

आणखी एक बारकावा. २०११ च्या महापुरात अयुथया येथील होंडाच्या कारखान्यात हजारावर मोटारी बुडाल्या. आंतरराष्ट्रीय लेखापद्धतीनुसार असे आपत्तीतील नुकसान या ओळीत न येता वेगळ्या खात्यात जाते. गोदामात उंदरांनी नेहमी फस्त केलेले धान्य मात्र इथेच वजा होते.