वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्रेलरच्या आतले पार्ट शोधायचे कसे?

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही दोघांनी १९६१ चा एक छोटा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, घेतलाय. बाहेरून बरा आहे, पण आत कपाटांच्या चार मुठी गायब, दाराचं कुलूप तुटलेलं, खिडकीचं हँडल नुसतंच गोल फिरतं आणि खिडकीखालचं प्लायवूड कुजून काळं पडलंय. ट्रेलरच्या कंपनीचं नाव आणि मॉडेल टाकून महिनाभर शोधतेय, काही म्हणजे काही मिळत नाही, कंपनी केव्हाच बंद पडलीये. आतलं सगळं काढून नवीनच करून घेऊ का?

उत्तर : नका ताई, एवढ्यात तर अजिबात नका. तुम्ही शोधताय ते नावच चुकतंय. त्या काळात ट्रेलरवाले कपाटं, पलंग स्वतः बनवायचे, पण कुलपं, खिडक्या, शेगडी, फ्रीज बाहेरून विकत घ्यायचे आणि तेच पुरवठादार बऱ्याच कंपन्यांना माल द्यायचे. बार्गमनची कुलपं, हेरच्या खिडक्या, मार्व्हलचे फ्रीज, प्रिन्सेसच्या शेगड्या, ही नावं कितीतरी वेगवेगळ्या ट्रेलरमध्ये सापडतात. म्हणून कुलूप सोडवा, उलटं करा, जुन्या टूथब्रशने मळ घासून काढा आणि बॅटरी तिरकी धरून बघा, धातूत उठवलेलं नाव किंवा नंबर बहुतेक वेळा दिसतोच. त्या नंबरने शोधलंत की भलत्याच कंपनीच्या मोडीत काढलेल्या ट्रेलरमधला पार्ट तुमच्या दाराला बसू शकतो.

खिडकीचं हँडल आधी काढा आणि आतला दांडा पकडीने हळूच फिरवून बघा. खिडकी हलली तर फक्त हँडलच्या आतले दाते झिजलेत, ते एकटं बदललं की झालं. नाही हलली तर आतला गिअर गेलाय, मग अख्खी यंत्रणाच शोधावी लागेल. मुठींचं सोपं आहे, दोन स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर मोजा, एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत, म्हणजे मध्य शोधत बसायला नको. ३ इंच आलं तर खूश व्हा, ते माप आजही सर्रास मिळतं.

आता प्लायवूड, आणि इथे मात्र घाई करू नका. गळती कुठून आहे ते सापडून बंद होईपर्यंत नवीन पॅनल लावूच नका, नाहीतर तेही कुजेल. आतलं लाकूडही टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, टोक मऊ मऊ आत गेलं तर सांगाडाही बदलावा लागेल. जुनी पॅनलं बहुतेक बर्च नावाच्या फिकट लाकडाच्या, ३ मिलिमीटरच्या आसपासच्या प्लायची असतात, वर्षानुवर्षांत मधासारखा रंग चढलेला असतो, नवीन बर्च त्याच्याशेजारी पांढरंफटक दिसतं. अंबर रंगाचं लाखेचं पॉलिश पातळ करून दोन-तीन हात दिले की बरंच जुळतं, पण आधी तुकड्यावर करून बघा. मला सगळ्यात आवडणारी युक्ती म्हणजे कपाटाच्या आतलं, कुणाला न दिसणारं जुनं पॅनल मापात बसत असेल तर ते काढून खिडकीखाली लावायचं आणि नवीन कपाटात घालायचं. कुजलेलं पॅनल फेकू नका हं, कितीही तुकडे झाले तरी टेपने जोडून ठेवा, कापायचा साचा तोच आहे.

आणि कपाट निघत नसेल तर ओढू नका. बऱ्याच ट्रेलरमध्ये आतलं काम आधी व्हायचं आणि पत्रा शेवटी चढायचा, त्यामुळे कपाटाचे काही स्क्रू बाहेरून, पत्र्याखालून मारलेले असतात. जोर लावलात तर जुनं लाकूड फाटेल आणि ते परत मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या जुन्या ट्रेलरमधला गॅसवर चालणारा फ्रीज दिसायला सुंदर आहे पण उघडला की डोळ्यांना झोंबणारा वास येतो. दुरुस्त करून वापरता येईल का?

उत्तर : आधी तो बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि ट्रेलरमध्ये झोपू नका. हे फ्रीज अमोनिया, पाणी आणि हायड्रोजनवर चालतात. झोंबणारा वास म्हणजे अमोनिया गळतोय. मागच्या नळ्यांवर पिवळी पूड दिसली तर गळतीची खात्रीच समजा, आणि त्या पुडीला उघड्या हाताने शिवू नका, ती विषारी असते. मागचं युनिट जाणकाराकडून बदलून घेता येतं, तेवढं जमत नसेल तर जुनं दार आणि त्यावरची मूठ जपून ठेवा आणि आत नवीन छोटा फ्रीज बसवा.