पहिला स्कोप घेताना

टेक्सासमध्ये हरणाची शिकार आणि रेंजवर ५०० यार्डांवरचा नेम, दोन्हींसाठी एकच स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण, हवाय ना? मिळेल. फक्त थेट २५ पट मोठं दाखवणारा घेऊ नका. बहुतेक नवखे इथेच चुकतात. पट वाढली की दिसणारा टापू आक्रसतो, हाताची थरथर मोठी दिसते आणि हरीण सापडेपर्यंत निघून जातं. ४-१६×४४ तुम्हाला पुरेल, म्हणजे ४ ते १६ पट आणि पुढचं भिंग ४४ मिमीचं. नुसत्या शिकारीला ३-९×४० सुद्धा झकास.

पैसे काचेवर घाला. टेक्सासमध्ये सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकार करता येते आणि हरणं नेमकी त्याच अंधुक वेळी फिरतात. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट, एवढ्या रुंदीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. ४४ मिमीचं भिंग १६ पटींवर जेमतेम पावणेतीन मिमी देतं, ७ पटींवर सहाच्या वर. झोत रुंद तितकं दृश्य उजळ, म्हणून संध्याकाळी पट उतरवा.

आणखी तीन गोष्टी:
- डोळा आणि स्कोप यांत साडेतीन इंच तरी अंतर हवं, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते.
- स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या रिंगा स्वस्तातल्या नकोत. त्या हलल्या तर महागडा स्कोपही कुचकामी.
- रेटिकल (आतल्या नेमाच्या रेघा) आणि टरेट (नेम सरकवायच्या चकत्या) एकाच मापात घ्या: दोन्ही मिल किंवा दोन्ही एमओए, ही कोन मोजायची एककं.

फोकल प्लेन (रेटिकल स्कोपमध्ये कुठे बसवलंय ते), वाऱ्याची गणितं सध्या राहू द्या. आधी १०० यार्डांवर झिरो करा, म्हणजे नेम आणि गोळी एकाच जागी लागतील असं जुळवा. टरेटची पाव एमओएची एक क्लिक तिथे नेम साधारण पाव इंच सरकवते. रायफल कोणत्या कॅलिबरची आहे ते कळवा, मग पुढचं बोलू.