कीट्सच्या कवितेतलं 'डार्कलिंग' म्हणजे अंधाराचं पिल्लू का?

डकलिंग म्हणजे बदकाचं पिल्लू, मग इंग्रज कवी कीट्सच्या नाइटिंगेल पक्ष्यावरच्या कवितेतलं ('डार्कलिंग आय लिसन') डार्कलिंग कुणाचं, आणि भाषांतरात त्याला 'अंधारलेला' म्हणावं का, असं तुम्ही विचारलंय. कुणाचंच नाही. शेवटचं 'लिंग' (हसू नका) दोन्हीकडे सारखं दिसतं, पण डार्कलिंगमधलं ते क्रियाविशेषण करणारं जुनं शेपूट आहे. अर्थ एवढाच: काळोखात असताना.

खुद्द इंग्रजी बोलणारेही इथे फसले. शेवटी 'इंग' दिसलं म्हणून त्यांनी मागे जाऊन 'डार्कल' असं क्रियापदच पाडलं! 'ग्रॉव्हल'ची जन्मकथा तीच. 'ग्रॉव्हलिंग' म्हणजे मुळात नुसतं 'पालथं'. त्यातून लोटांगण घालण्याचं क्रियापद निघालं.

शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मध्ये विदूषक म्हणतो, मेणबत्ती विझली आणि आम्ही डार्कलिंग राहिलो. तिथे शब्द अगदी साधा, दिवा गेल्यावर आपण बोलतो तसा. त्याला वजन आलं ते कवी मिल्टनमुळे. त्याचं महाकाव्य 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ साली छापलं गेलं, तेव्हा त्याची दृष्टी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिसऱ्या सर्गाच्या सुरुवातीला तो प्रकाशाला हाक मारतो आणि स्वतःला दाट झाडीत लपून 'डार्कलिंग' गाणाऱ्या पक्ष्याची उपमा देतो. आंधळ्या कवीने हा शब्द वापरलाय हे कळलं की ती ओळ पहिल्यासारखी वाचताच येत नाही.

कीट्सने १८१९ मध्ये शब्द तोच ठेवला, फक्त जागा बदलली. मिल्टनचा पक्षी काळोखात गातो, इथे काळोखात आहे तो ऐकणारा. आधीचं कडवं पाहा: पायाशी कोणती फुलं आहेत ते त्याला दिसत नाही, नुसत्या वासावरून तो एकेक ओळखतोय. आणि पुढचं कडवं उघडतं याच शब्दाने.

पुढे कवी आर्नल्डने 'डोव्हर बीच' या कवितेत हे विशेषण करून मैदानाला लावलं, तर कवी हार्डीने १९०० च्या डिसेंबरअखेरीस छापलेल्या कवितेत एका म्हाताऱ्या, वाऱ्याने पिसं विस्कटलेल्या थ्रश पक्ष्याला. तुम्ही भाषांतरात सुचवलेलं 'अंधारलेला' त्या दोघांकडे चालून जाईल. कीट्सकडे नको, तिथे 'अंधारलेला मी' म्हटलं की माणूस उदास झालाय असं वाटतं. 'काळोखात मी ऐकतोय' एवढंच ठेवा. उदासी पुढच्याच ओळीत येते, मरणाचं नाव घेऊन.