मेणवलीच्या महादेवाच्या देवळात चर्चची घंटा कशी? जगात असं आणखी कुठे आहे का?

घंटेवरची बाई आणि तिच्याजवळचं बाळ पाहून तुम्ही चक्रावलात यात नवल नाही. ती मेरी आणि बाळ येशूच. घंटेवर १७०७ हे सालही आहे. मी वाईचा. आमच्याकडे पाहुणे आले की मेणवलीचा घाट ठरलेला आणि त्यातलं कुणीतरी हा प्रश्न विचारणार हेही ठरलेलं.

घंटा वसईची. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून आणल्या गेल्या आणि देवळांना वाहिल्या गेल्या. भीमाशंकरला अशी एक आहे, नाशिकची नारोशंकराची घंटा तर प्रसिद्धच. घाटावर कुणीही सांगेल की मेणवलीची घंटाही चिमाजी अप्पांनीच वाहिली. मला ते पटत नाही. अप्पा १७४० मध्ये वारले. मेणवलीचा वाडा, घाट, देऊळ हे सगळं नाना फडणवीसांचं, आणि नानांचा जन्मच १७४२ चा (तोही आपल्या साताऱ्यातला). म्हणजे मधली काही दशकं घंटा दुसरीकडे कुठेतरी असणार आणि नानांच्या काळात ती कृष्णाकाठी आली असणार. पंचधातूची, साडेसहाशे किलोची वगैरेही लोक सांगतात. युरोपातले ओतारी घंटेसाठी साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील घेत, त्यामुळे ‘पंचधातू’ हे आपल्याकडचं कौतुक असावं असं मला वाटतं.

आता जगाचं. शत्रूची घंटा पळवणं ही फार जुनी रीत आहे, कारण घंटा म्हणजे गावाचा आवाज. कॅथलिक लोक नवी घंटा टांगण्याआधी तिला पवित्र पाणी आणि तेल लावून नाव ठेवतात, जवळजवळ बारसंच. ९९७ मध्ये स्पेनमधल्या मुसलमानी राजवटीची राजधानी असलेल्या कोर्दोबाच्या अल-मन्सूर या कारभाऱ्यानं उत्तरेकडच्या सांतियागोच्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यावरून कोर्दोबाला नेल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले, असं इतिहासात येतं. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजा फर्नांदोनं कोर्दोबा घेतलं आणि त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यावरून परत पाठवल्या. हिशेब चुकता व्हायला सव्वादोनशेहून अधिक वर्षं लागली!

अलीकडचं उदाहरण फिलिपिन्सचं. १९०१ मध्ये बालांगिगा गावात अमेरिकन सैनिकांवर हल्ला झाला, त्याचा इशारा चर्चच्या घंटेनं दिला गेला असं मानतात. बदल्यात अमेरिकन सैन्यानं गाव जाळलं आणि तिथल्या तीन घंटा उचलून नेल्या. दोन वायोमिंगच्या लष्करी तळावर, एक दक्षिण कोरियात. फिलिपिन्सनं कित्येक वर्षं मागणी लावून धरली, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये त्या गावात परतल्या.

म्हणून मला मेणवलीची गोष्ट वेगळी वाटते. कोर्दोबात घंटेचे दिवे झाले, अमेरिकेत ती लष्कराची आठवण म्हणून ठेवली गेली. इथे मात्र घंटा घंटाच राहिली, फक्त देव बदलला. मेरीचं चित्रही कुणी घासून काढलं नाही. आता याला सहिष्णुता म्हणायचं की जिंकलेली वस्तू ओळखू यावी म्हणून ते राखलं, हे नानांनाच ठाऊक. मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं. लूट ती लूट, तिला उगाच गोड करून सांगू नये.

पुन्हा आलात तर सकाळी लवकर या. उशीर झाला की घाटावर फोटोवाल्यांची आणि कधी कधी शूटिंगची गर्दी असते. भर पावसाळा टाळा, पायऱ्या निसरड्या होतात. आणि वाडा आतून पाहायचा असेल तर आधी चौकशी करा.